अक्कांची वीणा आणि तीन ओहमचा स्पीकर

कानडी मुलखातल्या आमच्या कारखान्यात दिवसभर रेडिओची यंत्रं बनत, आणि तिथले आम्ही तरुण इंजिनियर रविवारी घरी बसून अ‍ॅम्प्लिफायर बनवत असू. आठवडाभर सोल्डरच्या धुरात राहिलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा तोच धूर का घेतो, हे आता मलाही सांगता येणार नाही. पण ती साठ सालानंतरची पहिली वर्षं होती. चांगला आवाज विकत मिळत नसे, निदान आमच्या पगारात तरी नाही. तो हातानं करावा लागे. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे क्रिकेटवर बोलत आणि आम्ही चार-पाच जण ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांवर भांडत असू.

मी सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. वडील कचेरीत शिपाई होते. घरात माझ्याआधी कुणी हायस्कूलची पायरी चढलं नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली, बोर्डिंगात जागा मिळाली, आणि एकामागून एक भल्या माणसांनी मला पुढे ढकलत नेलं. पदवीचं भेंडोळं घेऊन घरी गेलो तेव्हा वडिलांनी ते देवापुढे ठेवलं आणि मग मलाच विचारलं, "साहेबांना दाखवून आणू का?" त्यांनी माझी परवानगी मागितलेली ती पहिली वेळ. अशा घरातून आलेल्या माणसाची शिकवलेल्या शब्दावर फार श्रद्धा असते. वर्गात सर जे बोलले ते मी कधी उलटून पाहिलं नाही.

त्या सरांचं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं: अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी जुळली पाहिजे. प्रत्येक स्पीकर विजेला थोडा अडवतो. तो किती अडवतो ते ओहममध्ये मोजतात. अ‍ॅम्प्लिफायर त्याच अडवणुकीसाठी बांधलेला असला तर सगळी ताकद आवाजात उतरते. नसला तर व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापतात, आवाज फाटतो, आणि कधी ट्रान्सफॉर्मरच जळतो. मला हे लगेच समजलं होतं, कारण आमच्याकडे गाडी भरताना म्हातारी माणसं आधी बैलाच्या खांद्याकडे बघत. ओझं जास्त झालं तर बैल बसतो, फार हलकं असलं तर गाडी उधळते.

मी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर म्हणून तीन टोकं होती: तीन, सात आणि पंधरा ओहमची. स्पीकर जसा असेल त्या टोकाला तार लावायची. माझा स्पीकर बारा इंची, पंधरा ओहमचा. चिकपेठेच्या बाजूला रविवारचा जुना बाजार भरे. तिथं लष्कराच्या मोडीत काढलेल्या सामानाच्या ढिगात तो मला सापडला. कारखान्यात आलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या मागून आणून मी त्याला कपाटाएवढी पेटी केली. मी ज्या खोलीत राहत होतो तिथं ती पेटी ठेवल्यावर माझी गादी दाराशी सरकली.

ती खोली मल्लेश्वरमातल्या एका बैठ्या घराच्या मागच्या बाजूला होती. घरात भाऊ-बहीण राहत. भाऊ रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांना सगळे अण्णा म्हणत. बहीण त्यांच्याहून मोठी, तिला सगळे अक्का. अक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आल्या होत्या. घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलेलं. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी गोंधळलोच. अक्कांनी दारात उभं राहून विचारलं, "एकटाच काय अप्पा? सरी. स्वल्प थांब, किल्ली आणते." स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, हे मला आठवडाभरात कळलं.

अक्का वीणा शिकवत. समोरच्या खोलीत चटईवर मुली ओळीनं बसत आणि संध्याकाळी दिवे लागेपर्यंत तारांचा आवाज चाले. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं. गावी भजन ऐकलं होतं आणि हॉटेलातला रेडिओ, एवढंच. पण भिंतीपलीकडून येणारा तो आवाज मी रोज ऐकायचो आणि मला तो खणखणीत वाटायचा. प्रत्येक सूर हातोडीनं ठोकल्यासारखा सुरू व्हायचा. वीणा अशीच वाजत असणार, असं मी समजून चाललो.

अक्कांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. मी राहायला गेलो त्याच्या आधीपासूनच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कानामागची नस मंदावते आहे, औषध नाही. छातीवर डबी लटकवायचं यंत्र त्यांनी वापरून पाहिलं आणि सोडून दिलं. त्या म्हणत, "त्यात भांडी ऐकू येतात, अप्पा. भांडी आणि अण्णाचं ओरडणं. त्याच्यासाठी यंत्र कशाला?"

अण्णा लगेच म्हणायचे, "मी ओरडलो नाही तर ही मला कॉफी देणार नाही. उपाशी मरू काय?"

अण्णा थट्टेखोर माणूस. मला ते 'काय स्वामी' म्हणून हाक मारत, आणि ती हाक आदराची की टवाळीची हे त्यांच्या भुवयांवरून ओळखावं लागे. पण त्या वर्षी श्रावणात एका सकाळी ते माझ्या दाराशी आले तेव्हा भुवया सरळ होत्या.

"ही यंदा नवीन मुली घेणार नाही म्हणते," ते म्हणाले.

तिकडे विजयादशमीला विद्येचा आरंभ करतात. त्या दिवशी आया आपल्या लहान मुलींना घेऊन, तबकात नारळ आणि विड्याची पानं ठेवून अक्कांकडे येत, आणि अक्का मुलीचं बोट धरून पहिली तार छेडवून घेत. गेली कितीतरी वर्षं त्यांचं वर्ष त्या दिवशी सुरू होत होतं.

अक्का अण्णांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. आम्ही काय बोलतो आहोत हे त्यांनी चेहऱ्यांवरूनच ताडलं. "समोर बसलेल्या मुलीचा सूर मला ऐकू येत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "बोटं बघून शिकवते. बोट बरोबर पडलं म्हणजे सूर बरोबर पडला असं नसतं. हे फसवणं झालं. नाही ऐकू आलं तर दसऱ्यानंतर बंद."

"आणि मग दिवसभर काय करणार?" अण्णा ओरडले. "माझ्याशी भांडणार?"

"ते तर आत्ताही करते."

त्या हसल्या, पण हसताना त्यांचा हात पदराचं टोक गुंडाळत होता, ते मी पाहिलं. या बाईंनी मला तापात पेज करून दिली होती. सणाला परक्या ठिकाणी एकटं जेवू दिलं नव्हतं. मी बोलून गेलो, "अक्का, मी ऐकवतो तुम्हाला." नंतर मोठ्यांदा पुन्हा म्हणालो, "दसऱ्याच्या आत."

माझा हिशेब सरळ होता. वीणेचा आवाज लहान, कान कमजोर. मग आवाज मोठा करायचा. अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे होता, स्पीकर होता, जोडी जुळवलेली होती. प्रश्न फक्त वीणेचा आवाज उचलण्याचा. ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये एक स्फटिकाची चकती असते, ती थरथरली की वीज निर्माण होते. तशी एक चकती मी बारीक तारेला जोडली. ती वीणेला चिकटवायची कशी, यावर मी विचार करत होतो, तर अक्कांनी देवळीतून काळ्या मेणाचा गोळा काढून दिला. वीणेचे पितळी पडदे त्याच मेणात बसवलेले असतात. "तिचंच मेण लाव," त्या म्हणाल्या. "दुसरं काही लावलेलं तिला सोसायचं नाही." मी ते मेण चिमणीवर मऊ केलं आणि चकती फणसाच्या लाकडाच्या त्या मोठ्या भोपळ्यावर बसवली.

स्पीकरची पेटी मी आणि अण्णांनी उचलून समोरच्या खोलीत नेली. अण्णा तिला पाहून म्हणाले, "हे काय, स्वामी, अक्काला यात बसवून गावी पाठवणार काय?"

पहिली तार वाजली आणि भिंतीवरच्या तसबिरी थरथरल्या. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून आत डोकावला. अक्कांनी दुसरी तार छेडली, तिसरी छेडली, आणि मग पेटी अचानक स्वतःच हंबरू लागली. तार कुणी छेडत नव्हतं, तरी आवाज चढत चालला. स्पीकरचा आवाज वीणेच्या लाकडात शिरत होता, तिथून चकतीत, चकतीतून पुन्हा स्पीकरमध्ये. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"आलं की." अक्का माझ्याकडे पाहत होत्या. मी घामाघूम झालो होतो. "सरी आहे. चांगलं आहे, अप्पा."

ते 'चांगलं आहे' मी खरं धरलं. मोठं माणूस चांगलं म्हणतं तेव्हा त्यांना उलट प्रश्न विचारायचा नसतो, अशा वळणात मी वाढलो होतो. आणि अक्का अशा वळणात वाढल्या होत्या की दुसऱ्याच्या कष्टाला नाव ठेवायचं नसतं. दोघंही आपापल्या शिस्तीनं वागलो आणि त्यात बरेच दिवस गेले.

मी हंबरणं थांबवायच्या मागे लागलो. पेटी कोपऱ्यात ठेवून पाहिली, उलटी फिरवून पाहिली, दारात ठेवून पाहिली. मग मला शंका आली की जोडीच नीट जुळलेली नसेल. पंधरा ओहमचं टोक सोडून सातला तार लावली, आवाज बदलला. पुन्हा पंधराला लावली. कारखान्यातला माझा एक मित्र पुण्याचा. त्याच्याकडे उत्तम कान आहे असं तो स्वतः सांगत असे. तो कारखान्यातून मीटर मागून घेऊन आला. आम्ही दोघांनी खालच्या सुरांपासून वरच्या सुरांपर्यंत मोजत नेलं.

"परफेक्ट आहे रे," तो म्हणाला. "बास तर असा आहे की पोटात लागतो. यांना आणखी काय हवंय?"

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांना काय हवं आहे हे आम्ही एकमेकांना विचारत होतो. तो गेल्यावर अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "स्वामी, एक सांगू? तू घरी नसतोस तेव्हा ती ती पेटी लावत नाही."

मी सरळ अक्कांकडे गेलो. तरीही त्यांनी आधी दोनदा 'चांगलं आहे' म्हटलं. मी जागचा हललो नाही तेव्हा त्या म्हणाल्या, "समुद्रासारखं ऐकू येतं, अप्पा. खूप मोठं. पण समुद्रात वीणा कुठे आहे ते सापडत नाही. आणि कान दुखतो."

नवरात्र सुरू झालं होतं. मी त्या संध्याकाळीच सगळं उलगडायला घेणार होतो, पण कारखान्यात काम निघालं, आणि मोकळा वेळ मिळाला तो थेट नवमीला. सकाळी कारखान्यातली आयुधपूजा उरकून, कुंकू लावलेली यंत्रं तशीच बंद ठेवून, आम्ही घरी परतलो. मी पक्कड आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन समोरच्या खोलीत गेलो आणि दारातच थांबलो.

एका भिंतीला पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवल्या होत्या, म्हैसूरकडे बसवतात तशा. समोर पाटावर पोथ्या, वीणा, आणि वीणेशेजारी माझा अ‍ॅम्प्लिफायर. त्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्याच्या मागे ती मोठी पेटीही.

"आज हात लावायचा नाही," अक्का म्हणाल्या. "सरस्वती आहे. उद्या उतरवायची."

"अक्का, पण उद्या तर मुली येणार. माझ्याकडे आजचाच दिवस आहे."

"तिच्याकडे पण."

मी पक्कड खिशात घालून भिंतीला टेकून बसलो. माझ्या तोपर्यंतच्या आयुष्यात यंत्रासमोर हात न लावता बसायची वेळ आली नव्हती. बाहुल्या बघायला बायका येत होत्या, जात होत्या. खोलीत चांगलाच गलबला होता. प्रत्येक जण अक्कांशी ओरडून बोले, आणि अक्का मान हलवून हसत. त्यातलं त्यांना काही कळत नाही हे मला तिथं बसून दिसत होतं. अण्णांनी तर त्यांच्या कानाशी तोंड नेऊन हाळी दिली, तशा त्या दचकून मागे सरल्या. "काय म्हणतोस? फणस? आत्ता कुठून आणायचा फणस?"

"नारळ! नारळ!"

दुपारी अक्कांची एक जुनी शिष्या आली. लग्न होऊन होसकोट्याला गेली होती आणि तिथं आता स्वतः लहान मुलींना वीणा शिकवत होती. नात्यातलीच, त्यामुळे मराठी बोलायची. ती आली, नमस्कार करून अक्कांच्या डाव्या अंगाला गुडघ्याला गुडघा लावून बसली, आणि अगदी साध्या आवाजात बोलू लागली. सासूचा दमा, बसचे हाल, घरासमोर निघालेला नवीन कारखाना. आवाज बारीक, काठाला धार असलेला. आणि अक्का प्रत्येक गोष्टीला बरोबर उत्तर देत होत्या. एकदाही 'काय?' म्हणाल्या नाहीत.

मी उठून उभाच राहिलो. पुन्हा बसलो. कारण उठून करणार काय? हात लावायची बंदी होती. तेव्हा बसल्या बसल्या पहिल्यांदा नीट विचार केला. अण्णांचा आवाज जाड आणि मोठा, तो अक्कांना नुसता आदळत होता. हिचा बारीक, जवळून आलेला, तो शब्द होऊन पोचत होता. मी आणि माझ्या मित्रानं स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरशी जुळवला होता, मीटरशी जुळवला होता. ज्या कानात तो आवाज जायचा होता तो कान आम्ही जोडीत धरलाच नव्हता. आमचा तो पोटात लागणारा बास त्या कानावर चादरीसारखा पडत होता आणि बाकीचं सगळं त्याखाली झाकलं जात होतं.

विजयादशमीला सकाळी पूजा उतरवल्याबरोबर मी कामाला लागलो. अण्णांचा एक बंद पडलेला रेडिओ माळ्यावर होता. त्यात पाच इंची स्पीकर होता, तीन ओहमचा.

"घे," अण्णा म्हणाले. "माझ्या मेलेल्या रेडिओचं काळीज हिच्या कानाशी बांध. जिवंत असताना तर तिनं त्याचं कधी ऐकलं नाही."

तो स्पीकर मी कॉफीपूडच्या लाकडी डब्यात बसवला, तीन ओहमच्या टोकाला जोडला, आणि अ‍ॅम्प्लिफायरमधला एक कंडेन्सर बदलून लहान घातला. त्यामुळे खालचे जाड सूर वाटेतच अडतात. डबा अक्कांच्या डाव्या अंगाला, जिथं आदल्या दिवशी होसकोट्याची ती शिष्या बसली होती, तिथं एका पाटावर ठेवला. आवाजाचं बटण जेमतेम उघडलं. खोलीच्या दाराशी उभं राहिलं तर डब्यातून काही येतं आहे हेही कळलं नसतं.

अक्कांनी तार छेडली आणि हात तसाच हवेत राहिला.

त्यांनी पुन्हा छेडली. मग तार ओढून सूर वर नेला, सोडला. "मंद्र पातळ झालंय," त्या म्हणाल्या. मी काही बोलणार तोच त्यांनी हातानं मला थांबवलं. "असू दे. बाकी सगळं इथं आहे." आणि वाजवत राहिल्या. मी आनंदानं अण्णांकडे बघत होतो, अण्णा बाहुल्यांकडे तोंड करून उपरण्यानं नाक पुसत होते.

पण अक्कांचा चेहरा मला वाटला होता तसा झाला नाही. वाजवता वाजवता त्या थांबल्या. एकच तार परत परत छेडू लागल्या. मग होसकोट्याच्या शिष्येकडे वळल्या. ती आदल्या रात्री तिथंच राहिली होती. "तू वाजव बरं."

वीणा तिच्यापुढे सरकवली. चकती चिकटलेली होतीच. ती वाजवू लागली, आणि अक्का डब्याकडे कान करून बसल्या. भिंतीपलीकडून मी रोज ऐकायचो तसाच खणखणीत, ठोकलेला आवाज.

"साकु, साकु," अक्का म्हणाल्या. पुरे. "इतकी जोरात का मारतेस?"

तिनं बोटं तारांवरून उचलली.

"तारेवर राग आहे काय तुझा? पहिलाच ठोका एवढा मोठा, की मागचा ओढलेला सूर त्यात बुडून जातो. हे कुठे शिकलीस?"

"इथंच, अक्का." ती खाली बघून म्हणाली.

"मी असं शिकवलं?"

"तुम्ही वाजवता तसंच वाजवते."

अक्कांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. हळूहळू मलाही कळलं. ऐकू येईनासं झालं तशा त्या, स्वतःला ऐकू यावं म्हणून, तार अधिकाधिक जोरात छेडत गेल्या होत्या. आणि समोर बसलेल्या मुलींनी ते जसंच्या तसं उचललं होतं.

"पहिल्यांदा तू आलीस तेव्हा मी अशी वाजवत होते?"

"नाही. पुढे पुढे."

"तुला कळलं होतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग सांगितलं का नाहीस, मगा?" मगा म्हणजे लेकरा.

"तुम्हाला कसं सांगणार, अक्का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुम्ही करता ते बरोबरच असणार. मला कळत नसेल, असं वाटलं."

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तेच शब्द मी बोललो असतो.

दारात पहिली आई येऊन उभी होती. हातात तबक, बोटाला धरलेली परकरातली चिमुरडी. तिच्यामागे आणखी दोघी. अण्णा पुढे होऊन म्हणाले, "या या! अक्काला ऐकू येतंय आता. इंजिनियरनं चमत्कार केला!"

अक्का उठल्या. मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली, तबकातला नारळ परत तबकातच ठेवला. "यंदा नाही, अम्मा," त्या तिच्या आईला म्हणाल्या. "यंदा माझ्या जुन्या मुली परत यायच्या आहेत."

"त्यांचं तर शिकून झालं ना?"

"माझ्याकडून चुकीचं गेलंय. ते आधी काढून घेते. पुढच्या दसऱ्याला हिला घेऊन या."

त्या बायका गेल्यावर अण्णा चिडले. मी त्यांना खरोखर चिडलेलं तेव्हाच पाहिलं. "दोन महिने या पोरानं हाडाची काडं केली, कशासाठी? तुला ऐकू यावं म्हणून! ऐकू आलं, तर तू मुलीच परत पाठवतेस? अगं, त्या काय सांगतील गावभर? अक्का चुकीचं शिकवतात म्हणून?"

"खरंच सांगतील."

"आणि जुन्या येणार आहेत? एकीचं बाळंतपण झालंय, एक हुबळीला, एकीचा नवरा तिला रस्त्यापर्यंत सोडत नाही."

"ज्या येतील त्या येतील. तू जाऊन सांगून ये."

अण्णा बडबडत चपला घालून गेले. मला वाटत होतं की अक्का माझ्यावर रागावल्या असतील. हे यंत्र नसतं तर त्यांनी समाधानानं वीणा बाजूला ठेवली असती. मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ऐकवतो म्हणालास, ऐकवलंस. मी काय ऐकावं ते तू कसं ठरवणार?" आणि मला कॉफी प्यायला आत घेऊन गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी मुली येऊ लागल्या. सगळ्या नाही. एकीच्या आईनं निरोप पाठवला की आमच्या मुलीचं वाजवणं सगळ्यांना आवडतं, तिला उगाच छळू नका. ज्या आल्या त्यांना अक्का एकेक तार धरून पुन्हा पहिल्यापासून नेत. डब्याकडे कान लावून बसत आणि म्हणत, "हळू. अजून हळू. तार उठव, मारू नकोस." मोठ्या झालेल्या, संसाराला लागलेल्या बायका लहान मुलींसारख्या सरळी, म्हणजे अगदी पहिले धडे, वाजवत. माझं काम व्हॉल्व्ह तपासायचं, सुटलेली चकती मेणानं परत बसवायची. तेवढ्यात मलाही थोडंफार ऐकता येऊ लागलं. तार छेडल्यानंतर जे मागे उरतं त्यात सगळं असतं, आणि ते मी एवढी वर्षं ऐकलंच नव्हतं, हे मला त्या खोलीत समजलं.

होसकोट्याची ती शिष्या सुरुवातीपासून येत होती. एका रविवारी ती उठता उठता घुटमळली. "अक्का, माझ्याकडच्या मुलींचं काय करू? मी त्यांना तसंच शिकवलंय."

"घेऊन ये."

पुढच्या खेपेला ती आपल्याकडच्या तीन मुलींना घेऊन बसनं आली. मुली दबकून बसल्या, आणि त्यांचं सगळं लक्ष अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटत्या व्हॉल्व्हकडे. अक्कांनी ते पाहिलं आणि मला म्हणाल्या, "ते विझव, अप्पा."

"विझवलं तर तुम्हाला ऐकू येणार नाही."

"त्यांना येईल. त्यांना वीणा ऐकू दे, डबा नको."

मी बटण फिरवलं. व्हॉल्व्हमधला तांबूस उजेड हळूहळू गेला. मुली पुढे सरकल्या. अक्कांनी डोळे मिटले, बोट तारेवर नेलं आणि छेडली. त्यांनी तार ओढून सूर वर नेला, खाली आणला आणि विरू दिला. त्यांना त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी डोळे उघडून होसकोट्याच्या शिष्येकडे पाहिलं. "कसं वाजलं?"

ती त्या नवमीला बसली होती तशी गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि साध्या आवाजात म्हणाली, "स्वल्प जोरात झालं, अक्का."

"सरी," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा बोट तारेवर ठेवलं.